खिडकीवाला बोटीवर

उघडत नाही. क्रूझच्या केबिनमधली ती गोल खिडकी उघडत नाही! आत नाही, बाहेर नाही, बाजूला सरकत नाही, वर उचलत नाही. कडी नाही, बिजागरी नाही, हँडल नाही. हे कळल्यापासून मी जो दिसेल त्याला धरून सांगत सुटलोय. पाटणी चौकात चहा पिता पिता सांगून झालं, स्लायडिंगचा भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगून झालं, रिसोडच्या साडूला फोनवर सांगून झालं. तो म्हणाला, "नाही उघडत तं नाही उघडत, त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं! अहो, त्यात काय नाही ते विचारा.

आधी माझं सांगतो. वाशिमला माझं अ‍ॅल्युमिनियम आणि काचेचं दुकान आहे. खिडक्या बनवणं हाच धंदा. दोन ट्रॅक, तीन ट्रॅक, डोमल, जाळीची, बिनजाळीची, बाथरूमची लुव्हरची, शोरूमची फिक्स. कुठलीही खिडकी दिसली की माझा हात आधी लॉककडे जातो, मग खालच्या बेअरिंगकडे, मग रबराकडे. लग्नाला गेलो तरी मंगल कार्यालयाच्या खिडक्या तपासतो. बायको म्हणते, नवरीकडं पाहा जरा. पण आमचा आणि बोटीचा संबंध यावा असं जिल्ह्यात काही नाही. समुद्र इथून रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर. आमचं पाणी म्हणजे एकबुर्जीचं धरण, कारंज्याचा ऋषी तलाव, अडाणचा प्रकल्प आणि उन्हाळा कडक निघाला की टँकर. पैनगंगा आहे, पण तिच्यात क्रूझ चालत नाही.

पोरगी पुण्याला नोकरीत. तिनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं म्हणून मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करून टाकलं. त्यात केबिनचे प्रकार असतात: आतली बिनखिडकीची, समुद्राकडच्या खिडकीची आणि बाल्कनीची. जसं बाहेर पाहायला मिळेल तसा दर. तिनं मधली घेतली. "बाबांना खिडकी पाहिजेच," म्हणे. लेक माझी!

मालेगावला समृद्धीवर लागलो आणि मुंबई गाठली. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर लोक बोटीसमोर उभे राहून फोटो काढत होते आणि मी खिडक्या मोजत होतो. ओळींवर ओळी! वरच्या मजल्यांना बाल्कन्यांची सरकती दारं, मधे मोठ्या आडव्या फिक्स काचा, आणि खाली, पांढऱ्या पत्र्यात, गोल गोल खिडक्यांची एक सरळ रांग. मनातल्या मनात स्क्वेअर फुटाचा हिशेब सुरू झाला आणि आकडा इतका वाढत गेला की सोडूनच दिला. एक गोष्ट मात्र तिथंच डोळ्यांत भरली. एवढ्या प्रचंड बोटीला काटकोनाची खिडकी म्हणून दिसेना. मोठ्या आडव्या काचांचेसुद्धा चारही कोपरे गोलवलेले. का बरं? ते पुढं येतंच.

केबिनमध्ये शिरलो. पलंग, आरसा, छोटंसं बाथरूम, आणि समोर ती! मी बॅगाही खाली ठेवल्या नव्हत्या. भिंत आत वीतभर खोल गेलेली आणि तिच्या तळाशी ती गोल काच. काचेभोवती लोखंडी कडं, कड्यावर सारख्या अंतरानं बोल्ट, आणि बोल्टांवर रंगाचे इतके हात की त्यांच्या कडा बोथट झालेल्या. म्हणजे हे बोल्ट वर्षानुवर्षं कुणी फिरवलेले नाहीत. काच आणि कड्याच्या मधे काळं रबर, दाबून बसलेलं, कुठं फुगलेलं नाही की निसटलेलं नाही. आमच्याकडे दोन उन्हाळ्यांत रबर आखडतं आणि कोपऱ्यातून बाहेर डोकावतं. इथं खाऱ्या वाऱ्यात ते जागच्या जागी. मी नखानं दाबून पाहिलं. टोपी काढून सलाम करावा असं फिटिंग! काचेच्या बाहेरून वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ, वरून खाली नव्हे तर तिरके, मागच्या दिशेनं गेलेले. बोट चालताना पाणी काचेवरून कसं पळतं त्याचा नकाशाच तो.

तेवढ्यात मागून आवाज. "अहो, ते खिडकी उघडा न, वारं यिऊ द्या जरा."

"उघडत नाही."

"काऊन नाही उघडत? तुमचाच तं धंदा हाये!"

टॉवेल द्यायला आलेला पोरगा रत्नागिरीकडचा निघाला. तो हसून म्हणाला, "काका, ती उघडायची नसतेच. या रांगेतली कुठलीच उघडत नाही. वारा हवा तर वर डेकवर जा." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, त्यानं ते दाखवलं ज्यानं माझी झोप उडाली. खिडकीच्या वरच्या अंगाला एक जाड पोलादी झाकण होतं, बिजागरीवर, वर उचलून अडकवून ठेवलेलं. मला ते शोभेचं वाटलं होतं. "हे डेडलाइट. दर्या खवळला की हे खाली पाडतात आणि घट्ट आवळून टाकतात. मग काच फुटली तरी पाणी आत नाही."

काच फुटली तरी! म्हणजे बनवणाऱ्यानं काच फुटण्याचीसुद्धा सोय करून ठेवलीय. आम्ही खिडकी देतो तेव्हा बिलावर लिहितो, "काचेची गॅरंटी नाही." आणि हे लोक खिडकीच्या आत आणखी एक पोलादी खिडकी बसवून मोकळे!

संध्याकाळी बोट सुटली. बायको वर गाण्याच्या कार्यक्रमाला, आणि मी डेकवर कुणी जाणकार भेटतो का ते हुडकत. नशीब जोरावर. रेलिंगला टेकून एक वयस्कर गृहस्थ उभे होते, मालवणचे, आयुष्यभर व्यापारी जहाजांवर इंजिनिअर. सेवानिवृत्त होऊन प्रवासी म्हणून बोटीवर आलेले, आणि ऐकणारा कुणी मिळत नसल्यामुळं कंटाळलेले. मी खिडकीचं नाव काढलं आणि आम्ही जेवण विसरलो.

त्यांनी आधी मलाच विचारलं, "तुम्ही काचेत चौकोनी खाच पाडायची असेल तर काय करता?" मी म्हणालो, कोपऱ्यात आधी गोल होल मारतो, मग कापतो. नाहीतर कोपऱ्यातून तडा धावतो. आणि टफन करायची असेल तर सगळं काम आधीच, भट्टीत जाऊन आल्यावर तिला हातही लावता येत नाही. ते म्हणाले, "बस. तेच जहाजाचं." आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण जे मी वाशिमच्या दुकानात काचेवर करतो तेच तिथं पोलादावर! लाटांवर जहाज वाकतं, पिळतं, पुन्हा सरळ होतं, दिवसातून हजारो वेळा. पत्र्याला भोक पाडलं की सगळा ताण त्या भोकाच्या कडेनं वाट काढतो, आणि तिथं टोकदार कोपरा मिळाला की तिथंच गोळा होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं घाईघाईनं लिबर्टी जातीची जहाजं बांधली, रिव्हेटऐवजी वेल्डिंग करून. थंड समुद्रात त्यांतल्या अनेकांना तडे गेले, काहींचे चक्क दोन तुकडे झाले. बरेच तडे सुरू झाले होते ते डेकवर माल उतरवायला ठेवलेल्या चौकोनी हॅचच्या कोपऱ्यातून. विमानांनाही हाच धडा मिळाला: १९५४ साली ब्रिटनची कॉमेट जातीची जेट विमानं हवेतच फुटली, आणि तपासात कारण निघालं ते छतातल्या खिडकीवजा झरोक्याच्या कोपऱ्याशी धातू थकून गेलेला तडा. गोलाला कोपराच नाही. ताण येतो, वळसा घालतो, निघून जातो. म्हणून बोटीची खिडकी गोल!

आणि मग उघडण्याचा प्रश्न. माझ्या बायकोचा प्रश्न साधा होता, वारं काऊन नाही. इंजिनिअर साहेब म्हणाले, पूर्वी होतं की! एअर कंडिशनिंग नसताना केबिनला दुसरा आधार कुठला? त्या काळच्या पोर्टहोल, म्हणजे या गोल खिडक्या, पितळी असत, काचेची चौकट बिजागरीवर, आणि बाजूनं आवळायला कानवाले नट. ते सैल केले की खिडकी आत उघडायची. तांबड्या समुद्रात जून-जुलैत आगबोट भाजून निघायची, तेव्हा प्रवासी पोर्टहोलमधून अर्धगोल वाकवलेला पत्रा बाहेर काढून ठेवायचे. बोट पुढं जाते, पत्रा वारा पकडतो आणि आत वळवतो. आणि समुद्र चढायला लागला की खलाशी केबिन-केबिन फिरून सगळ्या खिडक्या बंद करून नट आवळून जायचे, प्रवाशानं कितीही आरडाओरड केली तरी.

इथं मी त्यांना थांबवलं. डोक्यात एकदम उजेड पडला. अहो, मोरिया!

मराठी माणसाला जगातली एकच पोर्टहोल नावानिशी माहीत आहे, आणि ती उघडणारी होती. ८ जुलै १९१०. सावरकरांची मार्सेलिसची उडी. शाळेत असताना ही गोष्ट ऐकताना आमचं सगळं लक्ष उडीवर. खिडकीबद्दल कुणी विचारलं? बोटीच्या खिडकीतून उडी मारली म्हणजे ती खिडकी उघडी होती! ती आजच्या माझ्या केबिनसारखी असती, तर इतिहास तिथंच, काचेशी, थांबला असता.

मी घरी आल्यावर जे मिळेल ते वाचून काढलं. मोरिया ही पी अँड ओ कंपनीची आगबोट, १९०८ साली ग्लासगोला बांधलेली, सुमारे अकरा हजार टनांची. म्हणजे त्या काळात नवीकोरी, डाक आणि प्रवासी नेणारी पहिल्या प्रतीची बोट. १ जुलैला ती इंग्लंडहून निघाली. सावरकर अटकेत, सोबत पोलीस अधिकारी, मुंबईला खटल्यासाठी नेत असलेले. ७ जुलैला बोट मार्सेलिसच्या बंदरात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकर शौचालयात गेले ते तिथल्या पोर्टहोलमधून बाहेर पडले.

आता मी हे खिडकीवाल्याच्या नजरेनं पाहतो आणि थक्क होतो. पहिली गोष्ट, ती केबिनची खिडकी नव्हे, शौचालयाची. अशा जागी वायुवीजन पाहिजेच. आम्हीसुद्धा सगळं घर फिक्स काचेचं केलं तरी बाथरूमला लुव्हर देतो. दुसरी गोष्ट, बोट बंदरात उभी होती. भर समुद्रात ज्या खिडक्या आवळून ठेवायच्या, त्या बंदरातल्या शांत पाण्यात उघडायला कुणाची हरकत? जुलैचा महिना, भूमध्य समुद्राचं ऊन. म्हणजे जागा अशी की जिथं खिडकी असणारच, आणि वेळ अशी की ती उघडता येणारच. हे त्यांनी हेरलं! तिसरी गोष्ट माप. बोटीची गोल खिडकी आतल्या व्यासानं फुटाच्या आसपास. मी दुकानात पत्र्याचं तेवढं कडं करून कारागिराला म्हटलं, निघ यातून. त्याचं डोकं गेलं, एक हात गेला, खांद्याला अडकला. मग तिरका झाला, दोन्ही हात वर ताणले, श्वास सोडला, तेव्हा कुठं छातीपर्यंत. आणि याला बाहेर पोलीस नव्हते, खाली पाणी नव्हतं. सावरकरांची अंगयष्टी किरकोळ होती, तरी कड्याला अंग खरवडल्याशिवाय ते बाहेर पडलेच नसतील. लोक पोहण्याचं कौतुक करतात. पोहायचं अंतर खरं तर फार नव्हतं, धक्का जवळच होता. माझ्या मते अवघड काम होतं ते त्या गोलातून निघण्याचं, आणि त्याआधी ती खिडकी हेरण्याचं.

धक्क्यावर चढून ते धावले, पण फ्रेंच सागरी पोलिसांनी धरलं आणि बोटीवर परत नेऊन दिलं. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस असा परत देता येतो का, यावरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढं उभे राहिले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला तो ब्रिटनच्या बाजूनं. फूटभर व्यासाच्या एका खिडकीनं दोन महासत्तांना कोर्टात नेलं. सांगा, अशी खिडकी कुणी बनवलीय?

पण मग उघडणाऱ्या खिडक्या बंद का झाल्या? याचं उत्तर वाऱ्यात नाही, पाण्यात आहे. आणि ते डेकवर साहेबांकडून ऐकून मी त्या रात्री केबिनमध्ये आल्यावर आधी माझ्या खिडकीच्या कड्यावरून हात फिरवला.

टायटॅनिकची धाकटी बहीण होती ब्रिटॅनिक. टायटॅनिक बुडाल्यावर तिच्या रचनेत सुधारणा केल्या, पोटातल्या जलरोधक भिंती उंचावल्या. पहिल्या महायुद्धात तिला इस्पितळाचं जहाज केलं. २१ नोव्हेंबर १९१६ च्या सकाळी ग्रीसच्या केआ बेटाजवळ ती सुरुंगावर आदळली. रुग्ण तेव्हा जहाजावर नव्हते, ती त्यांना आणायला निघाली होती. आणि म्हणूनच खालच्या मजल्यावरचे वॉर्ड हवेशीर व्हावेत म्हणून तिथल्या पोर्टहोल उघडून ठेवलेल्या. जहाज एका बाजूला कललं, ती रांग पाण्याच्या पातळीला आली, आणि एकेका खिडकीतून समुद्र आत यायला लागला. ज्या भिंतींवर एवढा खर्च केला, त्या भिंतींच्या पलीकडं पाणी खिडक्यांतून पोचलं. टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली होती. ब्रिटॅनिक पंचावन्न मिनिटांत गेली. हजारावर माणसं होती, पण दिवस होता, किनारा जवळ होता, म्हणून मरण पावली ती तीसच.

एका खिडकीतून असं किती पाणी येणार, असं मला वाटलं. मालवणच्या साहेबांनी कागदी रुमालावर सूत्र लिहून दिलं आणि मी मोबाइलवर हिशेब केला. खिडकी तीनशे मिलिमीटर व्यासाची, आणि पाण्याच्या पातळीखाली फक्त एक मीटर. सेकंदाला साधारण एकशे ऐंशी ते नव्वद लिटर! आमच्या गल्लीत उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर घ्या, ज्याची वाट आम्ही आठ-आठ दिवस पाहतो. तो एका मिनिटाच्या आत भरून वाहील. एका खिडकीतून! आणि रांगेत अशा शंभर. मी तो आकडा बायकोला दाखवला. तिनं एकदा आकड्याकडं पाहिलं, एकदा खिडकीकडं, आणि म्हणाली, "राहू द्या मंग बंद."

टायटॅनिकनंतर १९१४ साली समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला सगळे सोलास म्हणतात. तो पुढं अनेकदा बदलला, पण आजही त्यात या गोल खिडक्यांसाठी वेगळं कलम आहे. ज्या खिडक्या खालच्या भागात येतात त्या एकतर मुळात न उघडणाऱ्या असाव्यात, नाहीतर कप्तानाच्या परवानगीशिवाय उघडताच येणार नाहीत अशा. पाण्याला फारच जवळ असलेल्या खिडक्या बंदर सोडण्याआधी बंद करून कुलूपबंद करायच्या, पुढच्या बंदरापर्यंत तशाच ठेवायच्या, आणि उघडल्या कधी, लावल्या कधी, ते जहाजाच्या नोंदवहीत लिहायचं. खिडकी उघडल्याची नोंद! आणि आतून डेडलाइटचं झाकण. मी इतकी वर्षं खिडक्या विकतोय, पण खिडकीची अशी इज्जत कुठं पाहिली नव्हती.

बाकीची कारणं आहेतच. अख्ख्या बोटीची हवा यंत्रानं खेळवतात. एका खिडकीतून दमट खारी हवा आत शिरली की थंडावा गेला, घाम सुटला, गंज आला. बाल्कनीचं दार उघडं ठेवू नका अशा पाट्या त्यासाठीच असतात. आगीचंही आहे. वारा मिळाला की आग वेडी होते. २००६ सालच्या मार्चमध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस या क्रूझच्या बाल्कनीत आग लागली, विझवायचं राहून गेलेल्या सिगारेटमुळं असं मानतात, आणि ती बाल्कनीवरून बाल्कनीवर पसरत गेली. पण ही झाली पुढची कारणं. मुळात पाणी.

काचेचं विचाराल तर ती टफन, जाडी खिडकीच्या आकारमानानुसार आणि ती पाण्याच्या किती जवळ आहे त्यानुसार वाढत जाते. १९ मिलिमीटरपर्यंत काच वापरतात. आमच्याकडे पाच मिलिमीटरची दिली तरी गिऱ्हाईक म्हणतं, जाड आहे, भाव कमी करा!

रात्री झोप लागेना म्हणून पलंगावर आडवा पडून खिडकीकडं बघत बसलो. बोटीच्या उजेडात बाहेर फेस पळताना दिसत होता. मधेच एखादी उंच लाट बाजूवर आपटायची आणि तिचं पाणी काचेवर फुटायचं. काच क्षणभर दुधी व्हायची, मग हिरवट, मग त्या तिरक्या ओघळांच्या वाटेनं पाणी मागं पळून जायचं. आणि आवाज? काही नाही! एवढं पाणी वीतभर अंतरावर, आणि केबिनमध्ये फक्त एसीची घरघर आणि बायकोचं घोरणं. मी काचेला कान लावला तर आतून एक खोल थरथर यायची, इंजिनाची. वरच्या बाल्कनीवाल्यांना वारा मिळतो, पण समुद्र त्यांच्या किती खाली! माझ्यासारख्यांसाठी हीच जागा. बाल्कनीला जास्तीचे पैसे देऊ नका असं मी सांगत नाही, ज्याला मोकळ्या हवेत चहा प्यायचा आहे त्यानं जरूर द्यावेत. पण ज्याला समुद्र डोळ्याच्या रेषेत पाहायचाय त्यानं खालचीच गोल खिडकी मागावी. बुकिंग करताना डेकचा नंबर विचारा आणि खिडकी गोल की आडवी तेही विचारा. समोर लाइफबोट आडवी येते का हेसुद्धा विचारा. मधल्या मजल्यांवर काही केबिनच्या खिडकीसमोर नुसती नारिंगी बोट लटकलेली असते आणि दर मात्र समुद्राचा.

सकाळी उठून पुन्हा डेकवर मालवणच्या साहेबांना गाठलं. म्हटलं, आता जगात उघडणारी खिडकी उरलीच नाही का? ते म्हणाले, आहे की. ध्रुवाकडं जाणाऱ्या काही बोटींवर अजून आहे. कापितान ख्लेब्निकोव नावाचं रशियन आइसब्रेकर जहाज आहे, पर्यटकांना बर्फात न्यायचं, त्याच्या केबिनच्या खिडक्या उघडतात. उंचावर आहेत, पाणी पोचत नाही. आणि पेंग्विनचा फोटो काढायचा तर काच मधे नको. युरोपातल्या नद्यांवरच्या क्रूझला तर मोठमोठी सरकती काचेची दारं असतात, कारण नदीत लाट कुठली. सेलेब्रिटी एज नावाची क्रूझ २०१८ साली आली, तिच्या अनेक केबिनची अख्खी बाहेरची बाजू काचेची, आणि बटण दाबलं की वरचा अर्धा भाग खाली उतरतो. मोटारीच्या काचेसारखं! आता ते यंत्र कसं असेल, त्यात मीठ शिरत कसं नसेल, बेअरिंग कुणाचं वापरत असतील, या विचारानं माझी इडली थंड झाली.

पण खरी पितळी, जुनी, कानवाल्या नटांची, आपल्या हातानं उघडता येईल अशी पोर्टहोल? तीही आहे! क्वीन मेरी. १९३६ साली पहिल्या सफरीवर निघालेलं ब्रिटिश जहाज, अटलांटिक ओलांडणारं, एके काळचं सगळ्यात वेगवान. १९६७ सालापासून ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचला धक्क्याला कायमचं बांधलेलं आहे आणि त्याचं हॉटेल केलंय. जहाज हलत नाही, त्यामुळं खिडकीला बंदी नाही. खोली घ्यायची, आत जायचं, नट सैल करायचे आणि काच उघडायची. मोरियाच्याच घराण्यातली खिडकी, आणि तिला हात लावता येतो!

गोवा आलं. लोक उतरायच्या गडबडीत आणि मी फोनवर लाँग बीचचं भाडं शोधतोय. पासपोर्ट काढलेला नाही, व्हिसाचं काही माहीत नाही, सोयाबीनचे भाव पडल्यापासून गावाकडचे घरं बांधणारे थांबलेत म्हणून धंदा मंदीत. पण पोरीला मेसेज टाकून मोकळा झालो: पुढच्या वाढदिवसाला क्वीन मेरी. बायकोनं मेसेज माझ्या खांद्यावरून वाचला.

"खिडकी उघडायले अमेरिकेले जाता? बाप्पा! घरची न्हाणीघराची चार महिन्यांपासून जाम हाये, ते उघडा अगुदर."